खोट

हे भांडं कधी तापलंच नाही.
आठ इंच जाड पोलाद, टेनेसीत घडलेलं.
गिऱ्हाइकानं ऐन वेळी हात आखडता घेतला
आणि सोळा वर्षं ते यार्डात आडवं पडून राहिलं,
पोटात चिमण्यांची घरटी.

आता त्याचे तुकडे आमच्याकडे, कोलंबिया नदीच्या काठी,
कारण जी भांडी तापलेली आहेत
त्यांना कापता येत नाही.
त्यांची चौकशी याच्यापाशी करायची.

लॉर्ना ट्वाइट सांध्यावर पाणी सोडते,
प्रोब टेकवते, सरकवते, थांबते.
पडद्यावर ठिपका.
‘आहे.’
काय आहे?
‘ते नुसतं ऐकून कसं सांगू?
काहीतरी आहे, आणि ते पोलाद नाही.’
खोली, लांबी, कोन. वहीत पेन्सिलीनं.
पेन कापल्यानंतर.

मग करवत, दोन दिवस.
मग घासणं, मग आम्ल,
आणि करड्या धातूतून वेल्डचे थर वर येतात,
एकावर एक, कुणीतरी एका बैठकीत न घातलेले.

पंचवीस ठिपक्यांपैकी नऊ जागी काहीच निघालं नाही.
लॉर्ना ते नऊही पेननं लिहिते.
जे नव्हतं ते ऐकू आलं,
त्याचाही हिशेब लागतो.

उरलेल्यांत सगळ्यात मोठी निघाली
डागडुजीच्या टोकाला:
आधीची खोट कोरून काढून
हातानं भरलेला खड्डा,
आणि त्याच्या कडेला अडकलेली मळी,
तांदळाच्या कणीएवढी.

कागदांत वेल्डरचा शिक्का होता.
ओडेल कर्कंडॉल, वय एक्क्याऐंशी. फोन त्यानंच उचलला.
‘ती जागा?’ बराच वेळ नुसता श्वास.
‘खालून बर्नर लावलेले. गुडघ्याखाली दोन घड्या कापड.
टोकापर्यंत हात पोचायचा, मान पोचत नव्हती.
शेवटचा अर्धा इंच मी बघितला नाही, बाई,
ओळखला.’

लॉर्ना काही बोलली नाही.
दोष काढायला फोन केलाच नव्हता.

‘सापडलं का काही?’
‘हो. साडेचार मिलिमीटर.’

पलीकडे खुर्ची करकरली.
‘एवढंच?’ तो म्हणाला.
‘इतकी वर्षं
मला ते मोठं वाटत होतं.’

पेन्सिलीत सहा होतं.
लॉर्नानं ते खोडलं नाही,
शेजारी साडेचार लिहिलं,
आणि पुढचा तुकडा मागवला.