पाच वाती

दुपारी बाबांच्या खाटेवर मी तक्ता पसरला,
वारा होता म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.
एक दगड त्यांनी बदलला.
"हा मुरूम हाय. भुगा होते.
तुह्या कागदाले काळा पाषाण पाह्यजे."

तक्त्यात सेकंद आहेत.
अमुक सेकंदाला यान इतके अंश कललं तर.
इंजिनातला दाब एवढा खाली आला तर.
तर टोकावरच्या सुटकेच्या रॉकेटने
कुपी उपटून घ्यायची, बाजूला न्यायची, समुद्राकडे.
आत तीन अंतराळवीर, पाठीवर निजलेले, गुडघे वर.
तीन संगणकांपैकी दोघांचं जमलं की हुकूम सुटतो.

"तिघांले इचारता?" यंकटी धोत्रे हसतात.
"तवर वात सरते, माय."

त्यांनी तीनशे अकरा विहिरी फोडल्या,
दिग्रसपासून पार मानोऱ्यापर्यंत.
खाली एकटा माणूस, भोकांत ठासलेल्या कांड्या,
पाच वाती, हाताच्या वितीने मोजलेल्या.
सगळ्यात लांब ती आधी पेटवायची,
आखूड ती शेवटी,
मग दोराला तीन हिसके.
वर क्रेनवर दस्तगीरचाचा.
त्याला एकच ताकीद होती:
"खाली पाहू नको. तोंड पाह्यलं का हात चुकते.
दोर पाह्य."

आणि बांधावर, पळसाखाली, मी.
सात वर्षांची. मोजणारी.
एक. दोन. तीन. चार.
चारच झाले तर सकाळपर्यंत
कोणी विहिरीत उतरायचं नाही,
मालक कितीही ओरडो.
माझ्या बोटांच्या भरवशावर
बारा माणसं रोजावाचून घरी गेलीत.
आता माझ्या हाताखाली चाळीस इंजिनिअर आहेत
आणि इतकं कोणी मानत नाही.

मी विचारलं, बाबा, उगीच ओढलं, असं कधी झालं?

ते बिडी शोधत राहिले,
दोन वर्षांपूर्वी सोडलेली.
"हरबाले. वात पेटलीच नोती.
दोराले वटवाघूळ धडकलं का काय,
दस्तगीरले हिसका वाटला. त्यानं ओढलं.
कपारीवर आपटला हरबा. तीन बरगड्या."
मग बराच वेळ काही नाही.
अंगणात शेळी तक्त्याच्या कडेला तोंड लावायला आली,
तिला हाकललं.
"लय शिव्या देल्ल्या त्यानं दस्तगीरले. सालभर.
मंग पोरीच्या लग्नात पयल्या पंगतीले बसवलं.
उगीच ओढलेला माणूस बोंबलते, वं.
न ओढलेला नाही बोंबलत."

मी पेन्सिलीने एका रकान्यातला कोन
अर्ध्या अंशाने उतरवला.
मग पुन्हा खोडला. बरगड्या तीन जणांच्या आहेत.
मग पुन्हा लिहिला.

"आन् हे काय?"
त्यांचं बोट, नख नसलेलं, एका जाड रेषेवर.
इथे, मी म्हटलं, सुटकेचं रॉकेटच टाकून द्यायचं.
ओझं होतं त्याचं. वर हवा विरळ असते,
पुढे काही बिघडलंच तर कुपी आपल्या
छोट्या इंजिनांवर बाजूला होईल.
"म्हणजे दोर कापता."
हो.
"माणूस खाली असतानी."
वर असताना, बाबा.
"तेच ते."

मी आकडे सांगितले, उंची सांगितली,
बेंगळुरूच्या बैठकीत सांगते तसं,
एकही शब्द न अडखळता.
ते दगड उचलून पाहत होते, तोच काळा,
याच्यात कुठून भोक पाडावं
हे ठरवत असल्यासारखे.

संध्याकाळी टेकडीपलीकडच्या खाणीत सुरुंग लागले.
भिंतीवरच्या ताटल्या हलल्या.
आम्ही दोघंही गप्प झालो, न ठरवता.
एक.
दोन, तीन, जवळजवळ.
चार.

किती पेटवल्या होत्या, आम्हाला कुठे ठाऊक.
चुलीवर चहा उतू गेला,
त्याचा वास घरभर झाला.
कोणी उठलं नाही.