श्वासातला होकार

ऊमिओला पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते
आणि दिवस आवरून ठेवलेला.
किल्ल्या देणाऱ्या खिडकीमागे गुन्वोर नावाची बाई.
मी विचारलं, माझ्या नावाची खोली आहे ना?
तिने ओठांचा चंबू केला
आणि झर्रकन हवा आत ओढली,
दारात बोट सापडल्यावर आपण ओढतो तशी.

गेली खोली, म्हटलं.
मनातल्या मनात स्टेशनवरचा बाकही शोधून झाला,
बाबांना सांगायचं वाक्यही जुळवून झालं.
तिने किल्ली पुढे सरकवली.
मी तशीच उभी.
तिने पुन्हा हवा ओढली, जरा मोठ्याने,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी.

रात्री आठ जणांच्या त्या एका स्वयंपाकघरात
लिक्सेलेच्या तूवाने उलगडा केला:
अगं, ते 'हो' आहे. वर उत्तरेत आम्ही असंच म्हणतो.
का पण?
तिने तव्यावरचा बटाटा उलटला.
थंडीत तोंड किती वेळ उघडं ठेवायचं, म्हणाली.
थोड्या वेळाने म्हणाली,
खरं सांगू? माहीत नाही.

मग मी होकार ऐकत हिंडले.
दुकानातल्या पोरीचा, पावतीसारखा, टर्रकन फाडलेला.
बसचालकाचा, आरशात न बघता दिलेला.
तूवाचा फोनवरचा, आजोबांशी बोलतानाचा,
एकामागून एक, सतरा-अठरा,
आणि मध्ये एकही शब्द नाही.
गोष्ट ऐकताना आपण 'हुं' देतो ना, तसं काहीसं;
आपला हुं बाहेर जातो,
यांचा आत येतो.

फेब्रुवारीत तोर्ग्नी सरांनी तळ्यावर नेलं.
बर्फाला गिरमिटाने भोक पाडलं,
नळी खाली सोडली, तळाचा गाळ वर काढला.
उभा चिरल्यावर त्यात पट्ट्या दिसल्या:
फिकट म्हणजे एका वसंतातला पूर,
काळी म्हणजे एक हिवाळा.
मोज, म्हणाले.
नाकातला ओलावा गोठेपर्यंत मोजल्या,
एकशे अकराव्या हिवाळ्यापाशी चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.
थर्मासमधली कॉफी देताना त्यांनी विचारलं,
तुझ्या नावाला काही अर्थ आहे का?
मृण्मयी. मातीची, मी म्हटलं.
त्यांनी बर्फाकडे बघत
सावकाश श्वास आत घेतला,
जणू नोंदवहीत ते आधीच लिहिलेलं होतं.

सगळं गोड नव्हतं.
धुण्याच्या खोलीत माझी वेळ वीस मिनिटांनी उलटली
तर ओले कपडे टोपलीत, वर चिठ्ठी,
चिठ्ठीखाली हसरा चेहरा,
आणि तो चेहरा हसत नव्हता.
कोणी लिहिली ते जूनपर्यंत कळलं नाही.
जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला मी नमस्कार केला,
प्रत्येकावर संशय घेऊन.

एप्रिल सरता सरता नदी फुटली.
रात्रभर लाद्या घासत, आपटत गेल्या,
कोणीतरी वरच्या मजल्यावर कपाटं सरकवतंय असं.
मग उजेड आला तो जाईचना.
खिडकीला चादर ठोकली तरी
अकरा वाजता भिंतीवर ऊन.
तशात आईचा फोन. तिच्याकडे अडीच वाजलेले,
झोप येत नाही म्हणाली, जेवलीस का?

आणि मी हवा आत ओढली.

काय गं? भाजलं का?
नाही.
मग कुठे लागलं? खरं सांग.
लागलं नाही आई. जेवले, असं म्हटलं.
असं कसं म्हटलंस? मी तर काही ऐकलं नाही.
मी सांगितलं सगळं. गुन्वोर, किल्ली, तूवाचे आजोबा.
पलीकडे पंख्याचा आवाज.
फोन कटला की काय म्हणून बघितलं,
नव्हता कटला.
मग तिने ओठांचा चंबू केला असणार,
कारण एक छोटीशी शीळ ऐकू आली, उलटी,
आणि पाठोपाठ तिला जोरात ठसका लागला.

पाणी पी, म्हटलं.
पाणी पी आधी.