हातचा एक

देओलिंदा, लेकीच्या बाळंतपणाला बेजाला जाताना
कॉफीच्या डब्यात तू एकशे ऐंशी युरो ठेवलेस
रबरात गुंडाळून, आणि वर वही.
म्हणालीस, यात महिना काढ.

मी हसलो.
सदतीस वर्षं सेतूबालच्या कारखान्यात
तारल्यांच्या डब्यांना झाकणं बसवणारं यंत्र सांभाळलं मी,
एक डबा गळू दिला नाही.
हाही डबाच की.

पहिल्या शनिवारी गळला.
कोळंबी घेतली, पांढरी वाइन घेतली,
आणि ते मेंढीचं चीज, जे कापत नाहीत, चमच्यानं खातात.
तीन दिवस खिडकी उघडी ठेवून जेवलो
गल्लीभर वास जावा म्हणून.
चौथ्या दिवशी पैसे मोजले
आणि खिडकी लावून घेतली.

मग वही.
तुझं अक्षरसुद्धा काटकसरीचं, एका ओळीत दोन ओळी.
हरभरे रात्री भिजत घाल. शिजवलेलं पाणी ठेव, बुधवारचं सूप तेच.
बांगडे दुपारी बारानंतर घे, कोळणी तेव्हा घरी जायच्या घाईत असतात.
डोकी टाकू नकोस.
कोबीचे दांडेही.
आणि एका पानावर, खाली दोन रेघा मारून:
पाव शिळा होत नाही, आदेलिनो, त्याचं काम बदलतं.

तर मी पावाचं काम बदललं.
लसणाच्या तीन पाकळ्या मिठाबरोबर खलात ठेचल्या,
मूठभर कोथिंबीर, मग तेल,
तेल ओतताना तुझा चेहरा आठवला, हात आखडला,
वर उकळतं पाणी, त्यात परवाच्या पावाचे तुकडे
आणि एक अंडं, हलकेच सोडलेलं.
पहिल्यांदा लगदा झाला.
दुसऱ्यांदा लगदाच, पण मीठ बरोबर.
तिसऱ्या वेळी वाडग्याचा तळ बोटानं पुसून खाल्ला.
कुणी बघत नव्हतं.

रात्री तुझा फोन.
नात झाली, तीन किलो दोनशे,
आणि त्याच श्वासात: तेल किती उरलंय?
बाटलीला बोटं लावून सांग.
चार बोटं, म्हटलं.
तुझी की माझी?

एकच गोष्ट जुळेना.
दर आठवड्याला अंडी सहा.
पाच कुठे जातात ते लिहिलंय, वारासकट.
सहाव्यापुढे नुसतं: हातचा एक.
मला वाटलं, चुकलीस.
इतक्या वर्षांत एकदा तरी तू चुकलीस
या आनंदात मी ते तळून खाल्लं.
पुढच्या आठवड्यातही.

सत्तावीस तारखेला दार वाजलं.
वरच्या मजल्यावरचे सेन्योर फिर्मिनो,
जाळी विणून विणून बोटं वाकडी झालेले,
हातात आपला निळ्या काठाचा वाडगा, धुऊन लख्ख.
हा द्यायचा राहिला होता, म्हणाले.
दिला, आणि गेले नाहीत.
बंदरावरच्या नव्या क्रेनबद्दल बोलले,
वाऱ्याबद्दल बोलले,
चुलीकडे मात्र एकदाही बघितलं नाही.
इतकं नेमकं न बघणं
मी कधी पाहिलं नव्हतं.

पातेल्यात पाणी वाढवलं.
पाव होता. अंडं एकच.
ते त्यांच्या वाडग्यात सोडलं, वर कोथिंबीर टाकून झाकलं,
म्हटलं, मला डॉक्टरांनी बंद केलंय.
ते म्हणाले, देओलिंदालाही केलंय.
बरीच वर्षं झाली.

रात्री तुला मी काही सांगितलं नाही.
तूच विचारलंस, हिशोब लागला का?
लागला.
डब्यात चार युरो पस्तीस,
तेल दोन बोटं, माझी,
लसणाचा अर्धा गड्डा,
आणि निळ्या काठाचा वाडगा एक,
वर आहे.