फळा

महापालिकेच्या सभागृहातला सागवानी फळा
आमच्या दस्तगीर पेंटरनं आखला, तेव्हा
एका नावाला वीतभर जागा होती.

मग खुर्ची वाटून घ्यायची रीत पडली.
नगरसेवक गोव्याला, गाडीचे पडदे ओढलेले.
परतले की हात वर, गुलाल, फेटा,
आणि शिपाई पापाच्या तिकटीला:
चल, ब्रश घे.

अक्षरं बारीक होत गेली.
चार महिने. अडीच महिने.
एका बाईंचं आडनाव वाळायच्या आत
'पर्यंत'खाली तारीख.

आता फळा भरलाय.
नव्याला ठराव लागतो,
ठरावाला महापौर.

खाली कडेला, वाकून बघा की,
तांदळाएवढ्या अक्षरात:
पेंटर दस्तगीर, पासून १९७८.
पुढचा रकाना त्यानं आखलाच नाही.