वारा न लागू देता

रुझार बोटीवरून कायमचा घरी आला
तेव्हा त्याने आणलं काय, तर काचेचा एक पिंप,
आठ फूट पारदर्शक नळी,
आणि माझ्या सोड्याच्या कारखान्यातला सिलिंडर
रविवारपुरता उसना मागायचं धाडस.
"दारू करतस?"
"बियर," तो म्हणाला, "दारू तुझो बापूस पियाचो."

कारखाना म्हणजे वेंगुर्ल्यात बंदराच्या रस्त्यावर
दोन खण, एक फिरवायचं चाक,
लिंबू, जिरा, कोकम,
गोटीच्या बाटल्यांचे अकरा क्रेट.
बाबांनंतर मीच.
इथे वाऱ्यात मीठ. बिजागऱ्या वर्षभरात जातात,
कात्री, कुलपं, सायकलची घंटा.
हवा सगळंच खाते,
चावल्याचा आवाज न करता.

बियरलाही खाते, रुझार सांगतो.
पहिल्या दिवशी मात्र हवा हवी.
गार झालेला रस पिंपात ओतून
आम्ही दोघांनी तो धरून हलवला, घुसळला,
दंड भरून येईपर्यंत.
यीस्टला तेवढा एकदाच श्वास.
त्यानंतर नाही. त्यानंतर चिमूटभरही नाही.

पंधरा दिवसांनी बाटल्या भरायला बसलो
तर पियेदादमावशी पडवीतून ओरडली,
"पंखो बंद करा, खिडकी लावा,
बाळंतिणीची खोली ती! वारो लागूक नये!"
ती चेष्टा करत होती.
आम्ही खिडकी खरंच लावली.

बादलीच्या तळाला साखरेचं गार पाणी.
त्यावर मी माझा गॅस सोडला, अगदी हळू.
जड गॅस, खाली बसतो,
हवेला वर उचलत बादलीबाहेर काढतो.
दिसत काहीच नाही.
पेटती काडी काठाशी नेली, ती विझली,
तेव्हा कळलं, भरली.

मग नळी. तोंडाने ओढायची नाही.
टोक तळाशी, बुडलेलंच,
धार दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये,
खाडीत भरती चढते तशी पातळी चढावी,
बांधलेल्या होडीलाही न कळता.
मध्येच नळीत एक बुडबुडा अडकून बसला.
रुझारने टिचकी मारली, पुन्हा मारली,
चार हजार मैल बोटीवर काढलेला माणूस
एका बुडबुड्यापुढे घामाघूम.

बाटलीही तळापासून, काठोकाठ.
नळी बाहेर काढली की
नळीच्या जाडीएवढीच जागा मानेत उरते.
तेवढी पुरे.
फेस वर आला की फेसावरच झाकण.

बाविसाव्या बाटलीला माझा फोन वाजला.
भाऊ, पुण्याहून. गिऱ्हाईक आहे म्हणाला, चांगलं,
दोन्ही खण एकदम घेईल.
नळी हातातून सुटली. वरून धबधबा पडला बाटलीत,
गुडगुड, फेस, सगळा वारा आत.
रुझार काही बोलला नाही. झाकण लावलं.
मी मानेला लाल दोरा बांधला.

सहा आठवड्यांनी उघडल्या.
बाकीच्यांना भाजल्या पावाचा वास,
शेवटी जिभेवर जरा कडसर, छान.
लाल दोऱ्याची काळपट,
चव ओल्या पुठ्ठ्याची,
शाळेत पाणी शिरलं त्या वर्षीच्या वह्यांची.
"ओत गो ती," रुझार म्हणाला.

मी प्यायले. पूर्ण.
मला चाळीस वर्षं कुणी वारा लागू दिला नव्हता.
रत्नागिरीला नर्सिंगचे दोन महिने, तेवढेच,
मग बाबांचा हात चाकात आला
आणि मी एसटीने परत.
वाईटच होती चव. पण
कुठेतरी जाऊन आलेली होती.

भावाला उलट फोन अजून केलेला नाही.
सोमवारी सकाळी नस्त उतरवून
कोळणींतली पहिली येते, पदराने तोंड पुसते,
लिंबू मागते.
मी अंगठ्याने गोटी दाबते.
ठक्.
ती आत पडते,
आणि जिथे इतके दिवस नुसता गॅस होता
तिथे बंदरावरची खारी हवा शिरते.
ती एका दमात पिते. म्हणते, अजून एक.