तळहात

सॅस्कटूनला उणे एकतीस.
तळघरातल्या आवाजबंद खोलीत बेगायीम येते,
टोपी काढते, केसांतून वीज तडतडते.
प्रयोगाचे वीस डॉलर, वर कॉफीचं कूपन.

फॉर्मवर ‘मातृभाषा’, पुढे एकच रेघ,
बोटभर.
ती विचारते, खरं लिहू की मावेल ते?
आईशी किर्गिझ, शाळा रशियन,
मातीतल्या नायट्रोजनवरचा प्रबंध इंग्रजीत,
पैसे मोजताना मात्र अजून रशियनच,
कारण उधारी त्या भाषेत शिकले, म्हणते.
मग बारीक अक्षरात लिहीत जाते,
रेघ संपते, समासात वळते.

मी काचेपलीकडे, कानांवर हेडफोन.
वाक्य ठरलेलं. फक्त शब्द बदलायचा.
मी परत मीठ म्हणते.
मी परत घोडा म्हणते.
मी परत आई म्हणते. इथे ती
आधी जरा थांबते. नियमात बसत नाही,
पण मी पुसत नाही.

त्यांच्यात हाताला कोल,
तळ्यालाही जवळजवळ कोलच,
फक्त ओठ तसेच गोल ठेवून
जीभ पुढे सारायची.
तो स्वर देवनागरीत नाही.
आठवडाभर मी सराव केला तेव्हा
शेजारच्या टेबलावरून फोलाशादे म्हणाली,
दाढ दुखतेय का?

गुरुवारी आलेख काढला.
सहा वर्षांत बेगायीमचं तळं
हाताकडे सरकलंय.
फार नाही. ठिपक्यांएवढं.
स्क्रीन तिच्याकडे वळवली.
बराच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली, तरीच भाऊ हसतो फोनवर.
बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी बोलतेस म्हणतो.
मला वाटायचं, लाइनचा दोष.

समजूत काढावी तर कुठल्या भाषेत?
माझ्याकडे एक गंमत होती, तीच दिली:
आमच्यात तळं आणि हात फार जवळ आले
की तळहात होतो.
(व्युत्पत्ती साफ खोटी. माझ्या गाइडला सांगू नका.)
तिनं म्हणून पाहिलं. तलहात.
ळ काही सापडेना जिभेला.
असं नाही, असं, म्हणून मी दाखवायला गेले
आणि माझ्याही तोंडून ल आला.
नोव्हेंबरपासून हा शब्द
कुणाशी बोलायची वेळच आली नव्हती.

बाहेर नदी गोठलेली. पुलावर मीठ टाकलेलं,
तरी ती घसरली, सपशेल पाठीवर,
आणि ओरडली, येऽऽ!
ते किर्गिझ नव्हतं. रशियनही नव्हतं.
ड्रॉवरमध्ये बोट चिमटलं की
फोलाशादे अशी ओरडते, योरुबात.

पडल्या पडल्या ती हसत सुटली,
वाफेचे ढगच्या ढग.
मी मोजा काढून हात पुढे केला.
कोल, ती म्हणाली.
की तळं म्हणाली?
वारा फार होता,
नीट ऐकू आलं नाही.