सुई पलीकडे

पंख घोडीवर कडेने उभा करतात.
अलीकडे मी, पलीकडे हेडविग,
मध्ये ताणलेलं सुती कापड.
मी सुई खुपसते, ती ओढून घेते, परत पाठवते.
मेण लावलेला दोरा, कोळ्यांच्या जाळ्याची गाठ,
प्रत्येक बरगडीवर अडीच अडीच इंचांवर एक.
दिवसभर आम्ही एकमेकींचं तोंड पाहत नाही.
सुई आली की कळतं, ती आहे.
अडली की कळतं, शिंकतेय,
किंवा घरून काहीतरी घेऊन आलीय मनात.

डेटन, ओहायो. सन बावीस.
लढाई संपल्यावर म्हणे फ्रान्समध्ये
आपलीच नवीकोरी विमानं रचून पेटवली.
उरलेली इंजिनं इथे खोक्यांत,
ग्रीस फासून निजलेली.
वॉशिंग्टन पैसा सोडत नाही.
फोरमन क्रिटेंडन कात्री आपटत म्हणतो,
जुना सांगाडा, नवं कापड,
बायांनो, हेच आपलं हवाई सैन्य.

शिवण झाली की वर लाखेचे हात.
पिकलेल्या केळ्यांचा वास, संध्याकाळपर्यंत डोकं गरगरतं,
म्हणून कंपनी रोज पेलाभर दूध देते.
वाळलं की कापड डफासारखं तापतं.
लेफ्टनंट ऑरिन फेअरबर्न येतो, बोटाने टिचकी मारतो,
कान लावतो,
आणि हसतो, जणू आतून कुणी ओ दिली.

मी मेनोनाइटांच्या घरातली, लोवीना श्टाउफर.
टाका आईने शिकवला, गोधडीच्या चौकटीभोवती,
बारा बाया, बारा सुया, एक स्तोत्र.
आमच्यात कुणी बंदूक धरत नाही.
भाऊ एनोसने अठरा साली गणवेश घातला नाही;
कोठडीतून आला तेव्हा
त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं.
आईचं पत्र, पेन्सिलीने, तीन ओळी:
गाई बऱ्या आहेत.
एनोस बरा आहे.
तू जे शिवतेस, त्याखाली कोण निजणार?

उत्तर लिहायला घेतलं. पगाराचे पाच डॉलर
घडीत घातले, आणि तेवढंच पाठवलं.

मग चौतीसचा फेब्रुवारी.
टपाल न्या, असा सैन्याला हुकूम सुटला.
उघडी बैठक, तोंडावर बर्फ, रात्र,
आणि ज्यांना दिवसाचंच उडणं ठाऊक त्यांच्या मांडीवर नकाशा.
ऑरिन एका टेकडीवर आपटला.
पोत्यात बियाण्यांची सूचीपत्रकं,
दातांच्या डॉक्टरचं बिल,
कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं.
पंख आमच्याकडे परत आला, काय चुकलं ते पाहायला.
कापड फाटून लोंबत होतं.
गाठ एकही सुटली नव्हती.
माझ्या बाजूच्या मी मोजल्या, पलीकडच्या हेडविगने.
जेवणाच्या सुट्टीत कुणी दूध प्यायलं नाही.
आईने मात्र त्याच्यासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन:
चिठ्ठ्याच नेत होता ना पोर.

आता धातू आलाय. शेडमध्ये रिव्हेटांची टकटक,
बोलायचं तर ओरडावं लागतं.
मैदानात चार इंजिनांचं धूड उभं आहे,
आत माणूस उभा चालतो,
पोटात टपालाची जागा नाही.
क्रिटेंडन दुपारी टोपी काढून त्याच्याभोवती फिरला,
देवळाला फिरावं तसा.
हेडविगला शुक्रवारी रजा दिली, कायमची.
तिने आपली सुई माझ्या खिशात टाकली.

मी उरले, कारण शेपटाला अजून कापड लागतं.
वळवणारी फळी हलकी हवी, म्हणतात.
एवढं मोठं लोखंड कुठे वळणार
ते माझ्या हातातल्या दोन वार सुताकडून जाणार.

पलीकडे नवी पोर आहे, एकोणीस वर्षांची.
आज सुई अडली.
बराच वेळ आली नाही.
मग कापडातून तिचा आवाज आला:
बाई, हे जाणार कुठे?

कापडावर तिच्या बोटाची सावली पडली होती.
मी म्हणाले, सुई दे.